रेकॉर्डर उघडायला शिकवणाऱ्या इंदूअक्का

इंदूअक्कांवर अन्याय झाला तो गेल्या श्रावणात, कानबाईच्या सणाआधीच्या गुरुवारी, सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान, धुळ्यात, त्यांच्या स्वतःच्या घराच्या ओट्यावर. केबल कंपनीचा माणूस आला. ओट्यावर ठेवलेला त्यांचा टीव्हीचे कार्यक्रम साठवणारा रेकॉर्डर त्याने पिशवीत घातला, त्याच्या जागी एक नवी चकचकीत डबी ठेवली आणि निघून गेला. अक्का तेव्हा आतल्या खोलीत भिंतीला चुना देत होत्या. त्यांना कुणी हाक मारली नाही.

मी पत्रकात एवढंच छापलं होतं. पत्रक वाचून लोक म्हणाले, "जुना डबा गेला, नवा आला, तोही फुकट. यात अन्याय कसला?" चूक त्यांची नाही. त्यांनी अक्कांना पाहिलेलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. ज्यांना पत्रकं वाचायचा कंटाळा येतो त्यांनीही हे वाचावं.

मी जळगावात राहते. आमचं एक छोटं मंडळ आहे. गिऱ्हाइकांना फसवणाऱ्या दुकानदारांविरुद्ध आणि कंपन्यांविरुद्ध आम्ही भांडतो, पत्रकं काढतो, बसस्टँडवर वाटतो. काही वर्षांपूर्वी "दुरुस्त होत नाही, नवीनच घ्या" असं सांगणाऱ्या दुकानांविरुद्ध आमची मोहीम चालू होती. तेव्हा शिरपूरच्या एका बाईंनी माझ्या हातात पातळ, पिवळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक ठेवलं. 'घरच्या रेकॉर्डरची डिस्क कशी बदलावी.' आत हाताने काढलेल्या आकृत्या. लेखिकेचं नाव इंदुमती, खाली धुळ्याच्या गल्लीचा पत्ता. बाई म्हणाल्या, "हे वाचून मी स्वतः बदलली. दुकानवाला तोंडाकडे बघत राहिला." मी दुसऱ्याच दिवशी धुळ्याची एसटी पकडली.

दार उघडलं ते उंच, काटकुळ्या, सत्तरीच्या बाईंनी. चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. मी माझं नाव, मंडळाचं नाव, कामाचं स्वरूप, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. अहिराणीत विचारलं, "रेकॉर्डर कधी उघाडेल शे का?" मी म्हटलं, नाही, आयुष्यात कधी नाही. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आनंद दिसला.

"मंग बस," त्या म्हणाल्या. टेबलावर एक जुना, बंद पडलेला रेकॉर्डर ठेवला, शेजारी स्क्रूड्रायव्हर, आणि नव्या पुस्तकाचा कच्चा छापा. "वाच आनी कर. माले काही इचारू नको." मग स्वतः समोरच्या स्टुलावर बसल्या आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले.

मला वाटलं, संधिवात असावा. तसं काही नव्हतं. त्यांची कामाची पद्धतच ती होती. प्रत्येक पुस्तक छापण्याआधी त्या कुणातरी अडाण्याला बोलवायच्या. अडाणी म्हणजे त्या विषयातला. त्यांच्याकडे डॉक्टरही अडाणी म्हणून येऊन बसलेला आहे. त्याच्यासमोर छापा ठेवायचा आणि आपण गप्प राहायचं. मदतीला हात पुढे जाऊ नयेत म्हणून ते दाबून ठेवायचे. मी "चारही स्क्रू काढा" इथपर्यंत आले. चार काढले. झाकण हलेना. मी ओढलं, ढकललं, शेवटी वैतागून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे खांदे हलत होते, हात सुटायला बघत होते, पण तोंडातून शब्द नाही. शेवटी मीच मागच्या कागदी चिकटपट्टीखाली पाचवा स्क्रू शोधला.

अक्कांनी लगेच पेन्सिल घेतली, ते वाक्य खोडलं. "वाचनारा जठे थांबना, तठे चूक मनी," म्हणाल्या. मनी म्हणजे माझी. "वाचणारा मूर्ख नसतो. त्याला अडवणारं वाक्य मूर्ख असतं."

मग त्यांनी माझं पत्रक मागितलं. मी अभिमानाने दिलं. त्यात तीन उद्गारचिन्हं एकापुढे एक अशी चार ठिकाणी होती. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "वरडस बठ्ठं, सांगस काहीच नही." परत दिलं. "लोकांनी काय करायचं ते कुठं लिहिलंय? दुकानात जायचं, पावती मागायची, की नुसतं चिडून घरी बसायचं?" मला राग आला. राग आला तरी पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेले.

अक्कांनी मुलींच्या शाळेत शिवण आणि भरतकाम शिकवलं होतं. निवृत्तीनंतर हौसेने एक रेकॉर्डर विकत घेतला. टीव्हीवरचा कार्यक्रम साठवून ठेवायचा, सवडीने बघायचा. तेव्हा धुळ्यात लहानसा केबलवाला होता, पेटी त्याच्याकडूनच रोख पैसे देऊन घेतलेली. त्याचं स्वतःचं एक चॅनल होतं. त्यावर गावातल्या मिरवणुका, शाळांची संमेलनं, खालच्या पट्टीत साडीच्या दुकानाची जाहिरात. वर्ष-दोन वर्षांत डिस्क भरली. दुकानदार म्हणाला, फेका, नवीन घ्या. अक्का म्हणाल्या, ब्लाउज घट्ट झाला तर बाई शिवण उसवते, फेकत नाही. त्यांनी कुणाकुणाला विचारून, वाचून, बिघडवून, पुन्हा जोडून मोठी डिस्क बसवली. मग शेजारणीने विचारलं, मग तिच्या बहिणीने. तोंडी सांगून थकल्या तेव्हा पहिलं पुस्तक लिहिलं.

त्यांची पुस्तकं शिवणाच्या बाईची होती हे ओळीओळीत कळायचं. "तार ओढू नका, टाका उसवतो तशी हलक्या हाताने सोडवा." "झाकण बसवण्याआधी एकदा आतून बघा, सुई राहिली नाही ना." पंख्याची धूळ काढणं, जास्त जागेची डिस्क घालणं, रेकॉर्डिंग संगणकावर उतरवून घेणं, प्रत्येकाचं वेगळं पुस्तक. आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकच वाक्य: पेटी कोणाची आहे ते पावतीवर बघा, भाड्याची असेल तर हे पुस्तक मिटा. कुणी हुज्जत घातली तर म्हणायच्या, "दुसराना घरनं कुलूप उघाडाले शिकाडाले मी बसेल नही." माझ्या मंडळातल्या कार्यकर्त्यांना हे वाक्य फार गुळमुळीत वाटायचं. मलाही वाटायचं. कंपन्या आपल्याला लुटतात आणि ही बाई त्यांच्या मालकीचा मान राखते. तो मान कंपनीने कसा परत केला ते पुढे सांगते.

अक्का चुकल्या नाहीत असं नाही. एकदा फार वाईट चुकल्या. डिस्कच्या पुस्तकात एक गोष्ट लिहायची राहिली. या रेकॉर्डरमध्ये कुठलीही डिस्क घातली की तो ती कोरी करून टाकतो. त्यांना ते इतकं माहीत होतं की लिहायचं सुचलंच नाही. त्यांच्याकडे येणारे सगळे अडाणी कोरी डिस्क घेऊनच बसायचे, त्यामुळे तिथे कुणी थांबलं नाही. बोदवडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याने मात्र घरच्या जुन्या संगणकातली डिस्क काढून घातली. तिच्यात त्याच्या लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो होते.

त्याने फोनवर नुसतं सांगितलं, रागावला नाही. अक्का दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने जळगावला आल्या, मला सोबत घेतलं, आणि आम्ही रेल्वेने बोदवडला गेलो. त्या घरात खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पुस्तकात मी लिहिलं नाही. चूक माझी आहे."

तो म्हणाला, "जाऊ द्या अक्का. पोरगी तर आहे ना आमची. फोटो गेले."

"जाऊ देवानी गोट नही हाई," अक्का म्हणाल्या.

त्याच्या बायकोने जेवायला वाढलं. अक्कांनी अर्धी भाकरी खाल्ली. परत येऊन उरलेल्या सगळ्या प्रतींत हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली: 'ही पेटी पुसण्याआधी विचारत नाही.' ज्यांचे पत्ते होते त्यांना पोस्टाने पाठवली. पण त्या दिवसापासून त्यांच्यात काहीतरी बदललं. दुसऱ्यांच्या पेट्या त्या उघडायच्या, स्वतःची उघडेनात. मी विचारलं तर म्हणाल्या, "दुसराना कामले मना हात थरथरतस नहीत."

त्या पेटीत काय होतं ते मला एका कानबाईच्या रविवारी कळलं.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. घराला रंग-चुना, भांडी लख्ख, नारळाला नथ-डोळे लावून देवी मांडायची, रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर. आणि रोट. घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून घेतात, त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करतात आणि ते भाऊबंदांनीच खायचे. शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला रोट देत नाहीत. हा सण सगळ्या गल्लीचा असतो, पण ताट फक्त कुळाचं.

अक्कांनी लग्न केलं नव्हतं. त्या भावाच्या घरच्या कानबाईला जायच्या. भाऊ गेले, मागोमाग वहिनी गेल्या. पुतण्या हैदराबादला नोकरीला. त्याने कानबाई बंद केली. मी अक्कांना सहज विचारलं होतं, तुम्हीच घरी का बसवत नाही? "रोट कराले काय, करसू," त्या म्हणाल्या. "खाई कोन?"

तरी दरवर्षी घराला चुना द्यायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "गल्लीतली सगळी घरं पांढरी, माझं एकटीचं काळं कशाला?"

त्या रविवारी मी मुद्दाम गेले. गल्लीत प्रत्येक घरात गर्दी, सुरत-नाशिकहून आलेले भाऊबंद, ओट्यांवर चपलांचे ढीग. अक्कांच्या ओट्यावर माझी एकटीची चप्पल. त्यांनी मला चहा दिला. मग रेकॉर्डर लावला.

त्या जुन्या केबलवाल्याच्या चॅनलने एका वर्षी गल्लोगल्ली फिरून कानबाईचं चित्रण केलं होतं आणि पुढचा आठवडाभर दाखवलं होतं. त्यात अक्कांच्या भावाचं घर होतं. कॅमेरा हलत होता. खाली साडीच्या दुकानाची पट्टी पळत होती. पांढऱ्या शर्टातले भाऊ डफ वाजवणाऱ्याला काहीतरी सांगत होते, वहिनी डोक्यावर देवीचा पाट घेऊन दारातून बाहेर येत होत्या, आणि त्यांच्यामागे, तोंडाला पदर लावून हसणाऱ्या, दहा-बारा वर्षांनी तरुण दिसणाऱ्या इंदूअक्का. गाण्याचा आवाज फाटत होता. ओळखू येत होता फक्त वहिनींचा सूर. सगळं मिळून चहा संपेपर्यंतचं.

बाहेर खरे डफ वाजत होते, आत पेटीतले. संपल्यावर अक्कांनी बटण दाबून पेटी बंद केली. "झायी आमनी कानबाई," म्हणाल्या आणि कपबशा विसळायला गेल्या.

मी म्हटलं, अक्का, हे उतरवून घ्या की. तुमचंच पुस्तक आहे त्याचं.

"घेसू," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षाच्या आत घेसू." त्यांच्या नजरेसमोर बोदवडचं घर होतं, हे मला तेव्हाच दिसत होतं.

आता तो गुरुवार. चुन्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून अक्कांनी सामान बाहेर ओट्यावर काढलं होतं. खुर्च्या, घड्याळ, टीव्ही चादरीत गुंडाळून, आणि त्यावर रेकॉर्डर. जुन्या केबलवाल्याचा धंदा दरम्यान एका मोठ्या कंपनीने घेतला होता आणि ती गावभर जुन्या पेट्या बदलत फिरत होती. कंपनीच्या माणसाला काय दिसलं? वायरी काढून बाहेर ठेवलेली पेटी. त्याला वाटलं, बाईंनी देण्यासाठीच काढून ठेवली आहे. ओट्यावरचं सामान हे टाकायचं नसतं, कानबाईसाठी काढलेलं असतं, हे खानदेशातल्या पोराला कळत नसेल तर ते त्याच्या घाईमुळे. दिवसभरात किती पेट्या गोळा करायच्या हे त्याला वरून ठरवून दिलेलं असणार. शेजारच्या सूनबाई, मंगलवहिनी, ओटा धुत होत्या. त्याने त्यांच्यापुढे मोबाइल धरला, त्यांनी बोटाने सही केली.

अक्का चुन्याच्या हातांनी बाहेर आल्या तेव्हा मंगलवहिनी हौसेने म्हणाल्या, "अक्का, नवीन दिलंय. फुकट."

फोन आल्यावर मी जळगावहून पोचले तोवर अक्का ओट्यावरच बसलेल्या होत्या. हातावरचा चुना वाळून तडकला होता. सामान आत नेलेलं नव्हतं.

मी कंपनीच्या धुळ्याच्या कचेरीत गेले. तिथला साहेब सभ्य होता. अशा ठिकाणी सभ्य माणूस बसवतात.

"मॅडम, त्या पेटीचं सील तुटलेलं होतं," तो म्हणाला.

"पेटी त्यांची आहे. सील त्यांनी तोडलं. ही पावती."

"पावती जुन्या केबलवाल्याची आहे. आम्ही फक्त त्याचं नेटवर्क घेतलं."

"गिऱ्हाईक घेतलं, पावत्या नाही घेतल्या?"

"चहा घेणार का तुम्ही?"

मी चहा घेतला नाही. जळगावच्या कचेरीत गेले, तिथून नाशिकला फोन, तिथून आणखी कुठे. प्रत्येकाने माझी तक्रार नोंदवून घेतली. पेटी कुठे आहे एवढं एकच विचारत होते मी. पैसे मागत नव्हते, नवी पेटी मागत नव्हते. डिस्क द्या, बाकी भंगारात घाला. शेवटी उत्तर आलं. परत आलेल्या पेट्यांची डिस्क नियमाप्रमाणे कोरी केली जाते. ग्राहकाच्या खाजगीपणाच्या रक्षणासाठी.

हे अक्कांना सांगायला मी स्वतः गेले. तोवर कानबाईचा रविवारच उजाडला होता. त्यांनी नव्या डबीवर रुमाल टाकून ठेवला होता. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं.

"कोनी पुसं?" त्यांनी विचारलं. "माणसानी का मशीननी?"

"मशीनच पुसतं, अक्का. एकदम शेकडो."

"मंग त्याले काय बोलसू," त्या म्हणाल्या.

मी त्यांना शिव्या देताना ऐकायला गेले होते. मला ते हवं होतं, पत्रकासाठीही आणि माझ्यासाठीही. त्यांनी दिल्या नाहीत. थोड्या वेळाने मंगलवहिनी दारात आल्या. नवी साडी, केसांत गजरा, डोळे सुजलेले. हातात काही नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या चुलीवर जे शिजलं होतं ते आमच्यापैकी कुणाला देता येणार नव्हतं. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"अक्का, मी सही केली," म्हणाल्या.

"बोट तुन्हं व्हतं, माय. चोरी तुनी नही," अक्का म्हणाल्या. "जाय, तुना घर पाव्हना बसेल शेतस."

त्या गेल्या. गल्लीत डफ सुरू झाले. अक्कांनी दार लोटून घेतलं आणि चुना दिलेल्या भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या. मी शेवटच्या एसटीपर्यंत थांबले. त्यांनी मला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

त्यानंतर त्यांनी एकही पुस्तक लिहिलं नाही. अर्धवट टाइप केलेलं एक होतं, रिमोट दुरुस्तीचं. मी अडाणी म्हणून बसायला तयार होते. म्हणाल्या, "आते तू अडाणी ऱ्हायनी नही." दिवाळीत पुतण्या येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेला. चांगला मुलगा आहे. धुळ्याच्या घराला कुलूप आहे.

मी फोन करते. त्या उचलतात, दोन-तीन वाक्यं बोलतात. पुतण्याची मुलं इंग्रजी आणि हिंदी बोलतात, शेजारी तेलुगू. अहिराणी फक्त माझ्या फोनवर. मागच्या वेळी म्हणाल्या, "आठे टीव्ही भिंतवर शे. त्याले पेटीच नही. काही ठेवताच येस नही, नुसतं पाहानं." मग म्हणाल्या, फोनला पैसे पडत असतील, ठेव.

आता तुमच्याकडे वळते. धुळ्यात, सोनगीरमध्ये, शिरपूरमध्ये, जिथे जिथे तो जुना केबलवाला पोचत होता, तिथे राहणाऱ्या किंवा तिथून बाहेर गेलेल्या प्रत्येकाशी बोलते आहे. ते चॅनल सगळ्यांच्या घरी एकच दिसत होतं. तुमच्या गल्लीची कानबाई दाखवणार म्हणून तुम्ही त्या आठवड्यात रेकॉर्डर लावला असेल. तुमची गल्ली संपल्यावर तो बंद करायला तुम्ही विसरला असाल. मग पुढच्या गल्ल्या तुमच्याकडे आहेत.

कंपनीचा माणूस तुमच्या दारात आला तर पेटी देऊ नका, त्याच्या मोबाइलवर बोट टेकवू नका, शेजारणीलाही टेकवू देऊ नका. माळ्यावरची जुनी पेटी खाली काढा. टीव्हीला जोडा आणि कानबाईच्या आठवड्याचं सगळं शेवटपर्यंत बघा. पांढऱ्या शर्टातला माणूस डफवाल्याशी बोलतोय, डोक्यावर पाट घेतलेली बाई दारातून येतेय, आणि मागे पदराआड हसणारी उंच बाई आहे, असं दिसलं तर तिथे थांबा. काही पुसू नका, डिस्क दुसऱ्या कशात घालू नका. ज्याच्या हातून हा मजकूर तुमच्यापर्यंत आला त्याला सांगा, तो मला सांगेल, मी स्वतः येईन. श्रावण लागायच्या आत बघा. आजच बघायला घ्या.